ऐकू येण्याचं अंतर

बायकोचं हसणं त्याला दोनदा ऐकू आलं. आधी भिंतीतून, आणि मग पापणी लवायला जेवढा वेळ लागतो तेवढ्या उशिराने कानातल्या हेडफोनमधून. पहिलं हसणं जाडसर, दबलेलं, शेजारच्या खोलीतलं होतं. दुसरं लख्ख आणि पातळ, कानाला अगदी चिकटून. दोन्ही तिचंच आहे हे कळत असूनही खुर्चीत बसल्या बसल्या त्याला कसंसंच झालं. जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं धरून पाय टाकावा आणि खाली सपाट जमीन लागावी, तसा एक लहानसा हिसका. त्याने हेडफोन नीट केला, स्क्रीनवरचं आपलं गोल तोंड बाणाच्या बटणाने चार घरं मागे नेलं, तसं कानातलं हसणं विरत गेलं. भिंतीतलं चालूच राहिलं. कोणाच्या तरी बोलण्यावर ती हसत होती, आणि अशी, पार पोटातून, हसताना आपण तिला घरात शेवटचं कधी ऐकलं हे त्याला पटकन आठवेना. आठवेल, असं म्हणून त्याने ते बाजूला ठेवलं. कामाचा दिवस होता, आणि तोही नव्या ऑनलाइन ऑफिसातला पहिला.

हे ऑफिस त्यानेच मांडलं होतं. वरून पाहिलेला एक नकाशा: एक मोठी खोली, दोन लहान, एक लांबट टेबल, कोपऱ्यात कुंडी, खिडकीजवळ दोघांपुरती जागा. टीममधल्या प्रत्येकाचा एक गोल, गोलात ज्याचा त्याचा चेहरा. बाणाची बटणं दाबली की गोल चालायचे. दुसऱ्याच्या जवळ गेलं की त्याचा आवाज यायचा, लांब गेलं की विरायचा, अगदी खऱ्या खोलीत होतं तसा. किती जवळ म्हणजे जवळ, हे ठरवणारी एक पट्टी फक्त त्याच्या स्क्रीनवर होती. तिच्यावर लिहिलं होतं, ऐकू येण्याचं अंतर. दोन रात्री खपून त्याने ते अंतर बेताचं करून ठेवलं होतं. सकाळी सगळे आत आले तेव्हा पहिली दहा मिनिटं नुसता गोंधळ उडाला. गोल एकमेकांवर आदळत होते, कोणीतरी कुंडीत जाऊन अडकलं होतं, आणि टीममधल्या सगळ्यात जुन्या बाई, ज्यांना सगळे आत्याबाई म्हणत, खिडकीपाशी उभ्या राहून विचारत होत्या, "मुकादम, अहो, खिडकीबाहेर काहीच कसं नाही?"

"काय हवंय तुम्हाला?"

"झाडबीड काहीतरी टाका की. पैसे पडतायत का तुम्हाला?"

त्याने झाड टाकलं. मुकादम हे नाव त्याला फार वर्षांपूर्वी पडलं होतं आणि त्याला ते मनापासून आवडायचं. काम अंगावर घ्यावं, माणसं हाताशी धरावीत, आणि संध्याकाळपर्यंत ते उरकून मोकळं व्हावं, याशिवाय जगण्याची दुसरी रीत त्याला ठाऊक नव्हती. त्याची आई म्हणायची, याला दुखणं सांगू नका, सांगेपर्यंत औषध घेऊन येईल. यातली तक्रार त्याच्या कधी लक्षात आली नाही. त्याला ते कौतुकच वाटायचं.

त्यांचं काम बसगाड्यांची वेळापत्रकं आखण्याचं होतं. ज्या लहान लहान गावांना स्वतःची माणसं ठेवणं परवडत नाही, त्यांच्या गाड्या कधी सुटाव्यात, कुठून वळाव्यात, शाळा सुटताना कोणत्या थांब्यावर गर्दी होते, चालकाला जेवायला सवड कधी मिळणार, गाडी रिकामी हाकत डेपोत न्यायची वेळ कशी टाळायची, हे सगळं ही मंडळी आपापल्या घरी बसून जुळवायची. बायको त्याच्या आधीपासून या कामात होती. तीन वर्षांपूर्वी सगळ्यांनी घरून काम सुरू केलं तेव्हा मालकीणबाईंनी एकच अट घातली होती: गुरुवारी सगळ्यांनी भाड्याच्या हॉलमध्ये जमायचं, म्हणजे गुरुवारी येता येईल इतक्या जवळच राहायचं. आता भाडं वाढलं होतं. त्या त्याला म्हणाल्या होत्या, "तू हे ऑनलाइन ऑफिस महिनाभर चालवून दाखव. जमलं तर हॉल सोडू, गुरुवार बंद, ज्याला जिथे राहायचं तिथे राहा. नाही जमलं तर मला गोड गोड सांगू नकोस." तो म्हणाला होता, "जमणार." आणि जमणारच, याबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

घर लहान होतं. लेक मोठी झाली तेव्हा एका मोठ्या खोलीत प्लायवूडची भिंत घालून त्यांनी दोन खोल्या केल्या होत्या. लेक शिकायला दुसऱ्या शहरात गेली आणि तिच्या खोलीत बायकोने आपलं टेबल मांडलं. इतकी वर्षं दोघं त्या भिंतीच्या दोन बाजूंना कामं करत होती, पण ती कामं मुक्याने व्हायची, लिहून, निरोप टाकून. आता ती बोलायला लागली होती. दिवसभर तिचा आवाज भिंतीतून यायचा आणि ती त्याच्या टेबलाशी आली तर कानातूनही. आणि ती येऊ लागली होती, ही त्याच्या दृष्टीने मोठी गंमत होती. तिचा गोल टुणटुण चालत त्याच्यापाशी येऊन थांबायचा. "मुकादम, दोन मिनिटं आहेत का?" घरात ती त्याला अरे म्हणायची. तिथे मुकादम म्हणायची, आणि त्या दोन मिनिटांत नेमकं, भराभर, मुद्द्याचं बोलून निघून जायची. स्वयंपाकघरात तिची वाक्यं अर्धी असायची. ते राहिलंय, ते बघ, उद्या ना... पुढचं तो पुरं करायचा. त्याला वाटायचं, इतक्या वर्षांनी हे व्हायचंच. लग्नाच्या पहिल्या वर्षी ती किती बोलायची. दोघं नदीच्या पुलावर उभी राहायची, आणि ती आपल्या वसतिगृहातल्या खोलीबद्दल सांगायची, चौघीजणी, एक आरसा, कोणाचा साबण कोणी वापरला यावरून भांडणं. तो ऐकायचा आणि म्हणायचा, चार आरसे का नाही आणले? तेव्हा ती त्याच्याकडे पाहून हसली होती की गप्प झाली होती, हे मात्र त्याला सांगता आलं नसतं.

पंधरवडा सरला होता. दुपारी काम सैलावतं त्या वेळी तो ऑफिसच्या पार टोकाला, लहान खोलीत, दार लावलं की आवाज खरोखर तुटतो का ते तपासत होता. कान तापले म्हणून त्याने हेडफोन काढून मांडीवर ठेवला. आणि भिंतीतून बायको बोलली, "हे जमलं ना, तर मी जाणार आहे मावशीकडे. वरचा मजला आहे तिचा." मध्ये थोडा वेळ काहीच नाही, तिथे आत्याबाई बोलत असणार, त्या त्याला ऐकू येत नव्हत्या. मग, "नाही, त्याला नाही सांगितलं अजून." पुन्हा काहीच नाही. "सांगेन हो. आधी हे पार पडू दे." त्याने स्क्रीनवर पाहिलं. खिडकीपाशी, त्या झाडाखाली, तिचा आणि आत्याबाईंचा गोल शेजारी शेजारी होते. त्याचा स्वतःचा गोल पार दुसऱ्या टोकाला, बंद दारामागे. ती बोलायच्या आधी नकाशावर बघून घेत असणार, तो लांब आहे ना, हे. आणि भिंत विसरली. दोन हातांवरची.

त्याचं डोकं लगेच कामाला लागलं. मावशी. बायकोची एकुलती एक मावशी, तळ्याच्या गावाला एकटी राहायची, सत्तरी ओलांडलेली. म्हणजे मावशीला काहीतरी झालंय. पडली असेल. किंवा डोळे. आणि बायकोने सांगितलं नाही कारण आपण ट्रायलमध्ये गुंतलोय, उगाच आपल्याला त्रास नको. हे तिच्या स्वभावाला धरून होतं. तो उठला, खिडकी उघडली, समोरच्या इमारतीत कोणीतरी गालिचा झटकत होतं ते पाहत उभा राहिला, आणि गालिचा आत जाईपर्यंत त्याचं सगळं ठरलंसुद्धा. मावशीला इथे आणायचं. लेकीची खोली मावशीला, बायकोचं टेबल बेडरूममध्ये. दिवसा एक बाई ठेवायची. चुटकीसरशी सुटणारा प्रश्न होता, आणि ही वेडी एकटीच त्याचं ओझं घेऊन फिरत होती. त्याला तिची कीव आली आणि स्वतःचा थोडा अभिमानही वाटला. खाली जाऊन, फाटकाजवळ उभं राहून, त्याने मावशीला फोन लावला.

"मावशी, कशा आहात?"

"ठणठणीत. तू कसा आहेस? आज मला कशी काय आठवण केलीस?"

"नाही, तब्येत वगैरे..."

"कोणाची तब्येत? माझी? अरे मी रोज तळ्याला फेरी मारते सकाळी. डॉक्टर म्हणाला, तुमचा पासपोर्टवरचा फोटोच तेवढा म्हातारा आहे."

"पासपोर्ट?"

"मग? धाकट्याकडे चाललेय ना मी. परदेशात जायला पासपोर्ट नको? वर्षभर राहणार. त्याची जुळी आहेत, सूनबाई टेकीला आलीय. घर बंद ठेवायचं म्हणजे मला घोर होता, पण ही म्हणाली मी राहते." मावशी थांबली. फोनमधून कुकरच्या शिट्टीसारखा काहीतरी आवाज आला आणि गेला. "तुला माहीत आहे ना रे हे?"

"हो हो. माहीत आहे."

"मला नाही वाटत," मावशी म्हणाली. तिचा आवाज आता वेगळा, हळू झाला होता. "तुम्ही दोघं एकमेकांशी बोलता की नाही?"

"दिवसभर बोलतो," तो म्हणाला, आणि ते खोटं नव्हतं.

तो वर आला तेव्हा बायको बेसिनपाशी पेले विसळत होती. "कुठे गेला होतास?" "खाली." "बरं." एवढंच. तिच्या पाठीकडे पाहताना त्याला वाटलं की विचारावं. तोंड उघडलंही. पण विचारणार काय? मावशी आजारी नव्हती. कोणीच आजारी नव्हतं. त्याच्याजवळ उपाय तयार होता आणि त्याला जोडायला दुखणं सापडत नव्हतं. रात्री जेवताना तिने मीठ मागितलं, त्याने दिलं. ती त्याच्याकडे पाहून नेहमीसारखी हसली. त्या हसण्यात काही लपवाछपवी आहे का, हे तो शोधत राहिला आणि त्याला ती सापडली नाही, याचंच त्याला जास्त भय वाटलं. म्हणजे ही कधीपासून असं नेहमीसारखं हसते आहे? वर्षभर एकटीने राहायचं ठरवून एखादी बाई इतक्या सहज मीठ मागू शकते? तो माणसं ओळखतो असं सगळे म्हणत. कोण किती फेऱ्या ओढू शकेल, कोणाला कधी सुट्टी लागेल, हे त्याला सांगावं लागत नसे. आणि शेजारच्या खोलीत, प्लायवूडच्या पलीकडे, एक अख्खं वर्ष तयार होऊन बसलं होतं, त्याला पत्ता नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो सगळ्यांच्या आधी ऑफिसात गेला. रिकामी खोली, झाड, कुंडी. पट्टी समोर होती. त्याला स्पष्ट दिसलं की हे किती सोपं आहे. काही मोडायला नको, काही खोटं लिहायला नको. ऐकू येण्याचं अंतर नुसतं वाढवलं की झालं. सगळ्यांना सगळं ऐकू येईल, आणि असल्या कोलाहलात दोन दिवस काढले की मंडळी स्वतःच म्हणतील, नको रे बाबा, आपला गुरुवार बरा. मालकीणबाईंना गोड गोड सांगायचं नव्हतंच. त्याने पट्टी ओढली. "तपासून पाहतोय," तो स्वतःशी म्हणाला, आणि चहा करायला गेला.

ऑफिस भरलं तसं ते बाजारासारखं गाजायला लागलं. एकाच्या घरातला कुत्रा सगळ्यांच्या कानात भुंकत होता. कोणी तक्रार केली की तो म्हणायचा, "चाचणी आहे, दुपारपर्यंत कळ काढा." त्याचा आवाज अगदी ठाम होता. आत्याबाई म्हणाल्या, "मुकादम, माझं डोकं उठलं," आणि एकाने तर हेडफोन काढूनच ठेवला, त्याचा गोल टेबलाशी मुकाट बसून राहिला. तेवढ्यात एका गावाच्या परिवहन कचेरीतून मालकीणबाईंना फोन आला आणि त्या धावत आत आल्या, म्हणजे त्यांचा गोल दारातून सरळ सुटला. त्या गावच्या नदीवरच्या पुलाला तडा गेला होता. उद्या पहाटेपासून पूल बंद. त्यावरून जाणाऱ्या सगळ्या गाड्या लांबच्या रस्त्याने वळवायच्या होत्या, आणि नवं वेळापत्रक आज थांब्यांवर लागायला हवं होतं. गलक्यातून त्यांचं अर्धं बोलणं कोणाला कळलं नाही. सगळे एकदम विचारू लागले. कुत्रा भुंकत होता. आणि तेव्हा बायकोचा आवाज आला, भिंतीतून आणि कानातून जवळजवळ एकदमच, "मुकादम, अंतर कमी कर. आत्ता."

ती ओरडली नव्हती. पण असा आवाज त्याने तिचा ऐकला नव्हता. त्याचा हात आपोआप पट्टीकडे गेला. खोली एकदम शांत झाली, आणि त्या शांततेत ती म्हणाली, "गावाचा उत्तर भाग ज्यांच्याकडे आहे ते लांबट टेबलाशी या. शाळांच्या गाड्या पाहणारे खिडकीपाशी, आत्याबाई, तुम्ही तिथे. चालकांच्या पाळ्या मी बघते. काही अडलं तर उठून त्या टेबलाशी जायचं, जागेवरून हाका मारायच्या नाहीत." गोल हलले. कोणी तिला हे काम दिलं नव्हतं. त्या गावाच्या गाड्या तिच्याकडे होत्या आणि तिला ते गाव तोंडपाठ होतं, एवढंच. ती टेबलाटेबलांतून फिरत होती. शाळेची गाडी लांबच्या रस्त्याने गेली तर पोरं उशिरा पोचतात, मग पहिली फेरी आधी सोडा. मग त्या चालकाची विश्रांती मोडते, मग त्याला दुपारची फेरी नको, ती दुसऱ्याला. एक आकडा हलवला की दहा हलायचे, आणि ती ते दहा आधीच पाहून बसलेली असायची. तो तिच्या मागे मागे होता. पहिल्यांदाच तो कोणाच्या तरी हाताखाली होता, तो तिने सांगितलेले थांबे भरत होता, आणि मनाच्या एका कोपऱ्यात त्याला लाज वाटत असतानाही काम करताना त्याला मजा येत होती. चार वाजायच्या आत पत्रक गेलं. मालकीणबाई म्हणाल्या, "हॉलमध्ये असतो तर आपण अजून नकाशा भिंतीला चिकटवत बसलो असतो." सगळे हसले आणि एकेक करून बाहेर पडले.

लांबट टेबलाशी दोन गोल उरले.

"दमलीस?" त्याने विचारलं.

"हो," ती म्हणाली. मग म्हणाली, "हेडफोन काढ. भिंतीतून ऐकू येतं ना तुला."

त्याने हेडफोन काढून टेबलावर ठेवला. पलीकडे खुर्ची करकरली. ती उठून या खोलीत येईल असं त्याला वाटलं, पण ती आली नाही, आणि तोही उठला नाही.

"मावशीचा फोन आला होता काल रात्री," भिंत म्हणाली. "आणि आज सकाळी तू अंतर मुद्दाम वाढवलंस."

"हो."

"बरं झालं, नाही म्हणाला नाहीस."

"कधी सांगणार होतीस?"

"ट्रायल संपल्यावर. आधी सांगितलं असतं तर तू ती माझ्यासाठी पार पाडली असतीस. नाहीतर मोडली असतीस. मला दोन्ही नको होतं. तिचं आपापलं जे होईल ते व्हायला हवं होतं."

समोर प्लायवूडवर लेकीने लहानपणी चिकटवलेल्या चांदण्यांचे डाग होते. "माझं काही चुकलं का?"

"नाही रे. चुकलं असतं तर भांडले असते. भांडण तरी सोपं असतं."

"मग कशासाठी?"

"हे बघ, आता तू विचारतोयस आणि मी कारण दिलं की तू ते सोडवणार. एकदा मी म्हणाले होते, मला आज उगाच रडू येतंय. तू अर्ध्या तासात डॉक्टरची वेळ घेतली होतीस. मी रडायचीच राहिले."

त्याला ते आठवत होतं. डॉक्टर चांगला होता, हे सांगायचं त्याच्या ओठांवर आलं आणि त्याने ते गिळलं.

"मी कधी एकटी राहिलेच नाही," ती म्हणाली. आता तिचा आवाज भिंतीच्या अगदी जवळून येत होता, बहुतेक ती भिंतीला टेकून बसली होती. "घरी सात माणसं. मग वसतिगृहात चौघी. मग तू, तुझी आई, मग पोर. मला बघायचंय, सकाळी उठल्यावर घरात फक्त आपल्या हातून हललेली वस्तूच हललेली असते, ते कसं वाटतं. कदाचित भयंकर वाटेल. आठवडाभरात पळत येईन. पण बघायचंय."

"आणि वर्ष संपल्यावर?"

"ते तेव्हा."

त्याच्या तोंडात तीन उपाय तयार होते. त्यांच्याच इमारतीत वरच्या मजल्यावरचा ब्लॉक भाड्याने मिळत होता. किंवा दोन महिने सुट्टी. किंवा तो स्वतःच काही दिवस लेकीकडे जाऊन राहील. तिन्ही चांगले होते, तिन्हींना पैसे कमी लागले असते. ते असे ओळीने उभे आहेत हे त्याने पाहिलं, आणि पहिल्यांदाच त्याला जाणवलं की ते कोणीही न मागता आले आहेत. भिंतीपलीकडे ती वाट पाहत होती, त्याच्या उपायांची वाट पाहत होती, सवयीने.

"बरं," तो म्हणाला.

"बरं म्हणजे?"

"म्हणजे बरं. जा."

पलीकडून एक आवाज आला, हुंदका की हसणं ते प्लायवूडमधून नीट कळत नव्हतं, आणि तो उठून बघायला गेला नाही. त्याला वाटलं, तिचं ते पुरं होऊ द्यावं.

शेवटच्या गुरुवारी ती सगळी भाड्याच्या हॉलमध्ये जमली. मालकीणबाईंनी विचारलं, "काय मग? जमलं?"

"जमलं," तो म्हणाला. त्याचा आवाज त्याला स्वतःला नेहमीसारखाच ठाम वाटला. "एका सकाळी मी सगळ्यांना सगळं ऐकू येईल असं करून पाहिलं. त्यात ऑफिस बंद पडतं. म्हणून ती पट्टी माझ्या हातात नको. ज्याने त्याने आपलं अंतर आपण ठरवावं. एवढी सुधारणा केली तर हॉल सोडा, बिनधास्त." आत्याबाईंनी त्याच्याकडे चष्म्यावरून पाहिलं, मग बायकोकडे. मालकीणबाई म्हणाल्या, "म्हणजे आता कोण कोण गाव सोडतंय ते सांगा, पगाराच्या नोंदीत पत्ते बदलायला." दोघातिघांनी हात वर केले. बायकोनेही केला. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही, पत्ता सांगितला, मजल्यासकट. तो पत्ता ऐकताना त्याला अभिमानासारखं काहीतरी वाटलं, आणि त्याच्या आतल्या बाजूला भीती, आणि दोन्ही एकदम बाळगता येतात याचं नवल.

महिन्याने मावशी विमानात बसली आणि तो बायकोला पोचवायला तळ्याच्या गावी गेला. "सामान जड आहे म्हणून ये," ती म्हणाली होती, "राहायला नाही." वरचा मजला म्हणजे दोन खोल्या, एक गच्ची, एक खाट, एक टेबल. खिडकीचं एक दार बिजागरीतून निसटून लोंबत होतं आणि वाऱ्याने ठकठक वाजत होतं. बॅगा ठेवताच त्याची नजर तिथे गेली. हात शिवशिवले. दोन स्क्रू, पाच मिनिटं. "खाली मावशीचं हत्यारांचं खोकं असेल," तो म्हणाला.

"असेल," ती म्हणाली. "मी बघेन."

तो खिशात हात घालून उभा राहिला. दार वाजत होतं. तिने टेबल खिडकीशी ओढलं, मग ते तिला पटलं नाही, मग भिंतीशी ओढलं, आणि परत खिडकीशी. तो मदतीला पुढे झाला नाही. हे किती अवघड होतं ते त्याचं त्यालाच कळत होतं, पण तो उभा राहिला, आणि मग हळूहळू त्याला तसं उभं राहणं जमू लागलं. तिने चहा केला. दोघांनी गच्चीत पायरीवर बसून तो प्यायला. तळ्याकाठी कोणीतरी होडी खुंटाला बांधत होतं. ती म्हणाली, "पुढच्या महिन्यात येऊ नकोस. मी सांगेन कधी ते." तो म्हणाला, "सांग." लग्नाला किती वर्षं झाली, लेकीला कळवलं का, घरी कुलूप कुठलं लावलं, असलं काही दोघं बोलली नाहीत. ती त्याच्याकडे पाहून म्हणाली, "तुला भीती वाटतेय?" तो म्हणाला, "हो. तुला?" ती म्हणाली, "खूप." आणि तिने उरलेला चहा एका घोटात संपवला.

थांब्यापर्यंत ती त्याच्याबरोबर आली. गाडी उभीच होती. तिने त्याच्या शर्टाच्या खांद्यावरचा धागा काढून टाकला, क्षणभर हात तसाच ठेवला, म्हणाली, "चल, नीघ." तो आत जाऊन खिडकीशी बसला. गाडी सुटेपर्यंत ती थांबेल असं त्याने धरलं होतं. ती थांबली नाही. वळली आणि तळ्याकडच्या रस्त्याने निघाली. घरी, बाजारात, जिन्यावर, तो तिला आयुष्यभर चालताना पाहत आला होता, पण नेहमी बरोबरीने, किंवा ती आपल्याकडे येताना. अशी पाठमोरी, कोणासाठी न थांबता, कोणाच्या पावलाला पाऊल न जुळवता जाताना त्याने तिला पाहिलंच नव्हतं. ती जरा लांब टांगा टाकत होती. एक हात मोकळा हलत होता. मध्येच ती एका फाटकाशी थांबली, आत काहीतरी पाहिलं, आणि पुढे गेली. ही चाल त्याच्या ओळखीची नव्हती. काच खाली करून, मान बाहेर काढून, तो ती पाहत राहिला, आणि ती त्याला फार आवडली.